वसतिगृहाच्या अंदाजपत्रकातील ‘बिम’चा खर्च



आष्टी तालुक्यातील नव्या वसतिगृहाच्या अंदाजपत्रकात ‘बिम सेवा’ हा रकाना पाहून काही देणगीदारांनी विचारले, हा कसला नवा खर्च? बांधकामाचा हिशेब माझ्याकडे आहे, तेव्हा उत्तरही मीच देतो.

बिम म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग. (आमच्या मिस्त्रींना वाटले, तुळईचाच काही प्रकार असेल.) इमारत आधी संगणकावर उभी करायची. नुसते चित्र नव्हे. प्रत्येक भिंतीची, दाराची, नळाची मापे त्यात असतात, आणि विटा-सिमेंट-सळई किती लागेल हेही त्यातूनच काढता येते. वेळापत्रक जोडले की चौथी मिती, खर्च जोडला की पाचवी. नागपूर मेट्रोने ही पाच मितींची पद्धत वापरली. पण तो प्रकल्प ८,६८० कोटींचा. आपल्याला एवढे सगळे नको.

मग हवे तरी कशाला? आपल्या जुन्या इमारतीत संडासाच्या पाइपची वाट नेमकी तुळईतून जाते, हे स्लॅब पडल्यावर कळले. तोडफोडीत दोन महिने गेले. तोवर पारधी आणि भिल्ल वस्त्यांवरची कुटुंबे ऊसतोडीला निघाली. मुलांना ठेवायला खोल्या तयार नव्हत्या, म्हणून तीही आईबापांबरोबर फडावर गेली. हिशेबाच्या वहीत मात्र फक्त तोडफोडीची मजुरी दिसते.

यंदा बिमसाठी दोन दरपत्रके आली. क्षेत्रफळ तेच, पण एकाचा आकडा दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. फरक होता तपशिलाच्या पातळीचा. तिला ‘एलओडी’ म्हणतात. १०० म्हणजे ढोबळ आकार, २०० म्हणजे अंदाजे मापे, ३०० म्हणजे नेमकी मापे, ३५० मध्ये भाग एकमेकांना कुठे कसे जोडले जातात तेही येते. ४०० म्हणजे त्यावरून कारखान्यात भाग तयार करता येतील इतका तपशील. महाग दरपत्रक ४०० चे होते. आपण सगळ्या इमारतीला ३०० आणि फक्त संडास, स्वयंपाकघर व पाण्याच्या टाकीच्या भागाला ३५० मागितले.

दर चौरस फुटाचा असतो, पण त्यात काय काय धरले आहे ते लिहून घ्यावे. पाइप-तुळईची टक्कर किती वेळा तपासणार? आराखडा बदलला तर दुरुस्तीच्या किती फेऱ्या त्याच पैशात? शेवटी मूळ फाइल हाती देणार की नुसती पीडीएफ? १८ टक्के जीएसटी दरात धरला आहे की वर? आणखी एक गोष्ट: आपल्या जागेची काळी माती किती फुगते हे संगणकाला सांगितल्याशिवाय कळत नाही. माती परीक्षणाचा रकाना म्हणूनच वेगळा ठेवला आहे.

अडचण एवढीच की हे पैसे कुदळ मारण्याआधी लागतात, आणि देणग्या बहुधा भिंती दिसू लागल्यावर येतात. पावसाळ्यापूर्वी पाया व्हायचा तर बिमचा पहिला हप्ता मार्चअखेर द्यावा लागेल.