चाळीस वर्षे आणि दहा दिवस : मिशनरी जीवनाविषयी काही विचार



या स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडण्याची मोकळीक शाळेने मला दिली, तेव्हा ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमतो त्या गुरुजींची एक सवय मला आठवली. इतिहासाच्या तासाला परदेशी मिशनऱ्यांचा उल्लेख आला की वर्गातील काही मुले नाके मुरडीत आणि काही भारावून जात. गुरुजी दोन्ही पक्षांना एकच प्रश्न विचारीत : ‘‘तो मनुष्य येथे किती वर्षे राहिला?’’ मला त्या वयात हा प्रश्न मूळ मुद्द्याला बगल देणारा वाटे. पुढे मी स्वतः शिक्षक झालो आणि एका प्रसंगात सापडलो, तेव्हा त्याचे मोल कळले. तो प्रसंग ओघात येईलच.

ख्रिस्ती मिशनरी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आयुष्य परदेशात घालवणारा पाद्री किंवा डॉक्टर उभा राहतो. गेल्या सहा-सात दशकांत मात्र मिशनकार्याचा दुसराच एक प्रकार रूढ झाला आहे. अमेरिकेतील चर्चची तरुण मंडळी आठ-दहा दिवसांसाठी मेक्सिको, हैती, होंडुरास, केनिया अशा देशांत जातात, एखादे घर बांधतात, शाळेच्या भिंती रंगवतात, वैद्यकीय शिबिर घेतात आणि परततात. या दोहोंना एकच नाव असले तरी त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

पहिल्या प्रकाराचा मराठीला सर्वात जवळचा नमुना म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली लिस्बनहून निघून त्याच वर्षी गोव्यास पोहोचला आणि १६१९ मध्ये तेथेच वारला. चाळीस वर्षांत तो मायदेशी परतला नाही. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये सासष्टीतील रायतूर येथे छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपीत छापला असला, तरी त्याची घडण आपल्या पुराणांची आहे, आणि त्यातील मराठीची स्तुती शाळेतल्या पुष्कळ मुलांना पाठ असते. ओवीचा कान दोन-चार वर्षांत तयार होत नाही. लोक कीर्तनात, जात्यावर, पोथीच्या वाचनात काय ऐकतात हे ज्याने वर्षानुवर्षे ऐकले, त्यालाच तो साधतो.

पण दीर्घ वास्तव्य म्हणजे आपोआप पुण्य, असा माझा दावा नाही. ज्या सासष्टीत स्टीफन्स रमला, तेथील देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली होती आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळीला संतप्त ग्रामस्थांनी पाच जेझुइटांना ठार मारले होते. त्या सत्तेच्या छायेतच हा कवी ओव्या रचीत होता. धर्मांतराचा प्रश्न स्वतंत्र भारतातही मिटला नाही. मध्य प्रदेशातील नियोगी समितीचा १९५६ चा अहवाल आजही दोन्ही बाजूंनी वाद घालण्यासाठी उघडला जातो. त्या वादात मी आज शिरणार नाही. चाळीस वर्षे राहणाऱ्या माणसाला आपल्या कृत्याचे परिणाम डोळ्यांसमोर पाहावे लागतात, चांगलेही आणि वाईटही, एवढेच मला येथे नोंदवायचे आहे.

एकोणिसाव्या शतकातील मिशनरी जीवनाची चाकोरी साधारण ठरलेली असे. मायदेशी एखादे मंडळ उमेदवाराची निवड करी. बोटीचा प्रवास चार-पाच महिन्यांचा. सुएझचा कालवा १८६९ पर्यंत नव्हताच. अमेरिकेहून १८१२ मध्ये निघालेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस पोहोचले, तर कंपनी सरकार त्यांना उतरू देण्यासही राजी नव्हते. येथे आल्यावर पहिली वर्षे पंडिताजवळ बसून भाषा शिकण्यात जात आणि पुढे तिची परीक्षाही द्यावी लागे. बऱ्याच वर्षांनी एकदा दीर्घ रजा मिळे. मुले शिक्षणासाठी दूर पाठवावी लागत. हॉल १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूस पटकीने गेला. सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये आली, मुलींच्या शाळा चालवीत राहिली आणि १८६२ मध्ये अहमदनगरला तिचा अंत झाला. त्या काळी मिशनरी म्हणून निघणे म्हणजे बहुधा परत न येण्याच्या तयारीने निघणे.

आपल्या भागातील लोकांना याहून जवळचे उदाहरण मिरजेचे. बेळगावकरांना मिरज दोन कारणांनी ठाऊक असते : तंबोऱ्यासाठी आणि ऑपरेशनसाठी. पहिल्यावर बोलायला मला फार आवडले असते, पण आज दुसरेच कारण प्रस्तुत आहे. विल्यम जेम्स वॉन्लेस हा कॅनडात जन्मलेला तरुण डॉक्टर १८८९ मध्ये पत्नी मेरीसह या देशी आला. आरंभी सांगलीस एक छोटा दवाखाना होता. १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय उभे राहिले. रेल्वेचे जंक्शन असल्यामुळे कोकण, कर्नाटक, देश अशा तिन्ही बाजूंचे रोगी तेथे उतरू लागले.

शस्त्रक्रियेतील त्याच्या कौशल्याच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्याच्या कामाची रचना. आपल्या दोन हातांनी किती रोगी होणार, हे ओळखून त्याने शतक संपण्यापूर्वीच येथील तरुणांना वैद्यक शिकवण्याचा वर्ग सुरू केला. त्यातून बाहेर पडलेले डॉक्टर दूरदूरच्या ठिकाणी जाऊन बसले. कुष्ठरोग्यांसाठी आणि क्षयरोग्यांसाठी निराळ्या व्यवस्था झाल्या. वॉन्लेसवाडी हे गावाचे नावच त्याची साक्ष आहे. मेरीचे १९०६ मध्ये निधन झाले. कोल्हापूरचे मेरी वॉन्लेस रुग्णालय तिच्या नावाचे. १९२८ मध्ये, आल्यानंतर एकोणचाळीस वर्षांनी, डॉक्टर येथून निवृत्त झाला आणि १९३३ मध्ये अमेरिकेत वारला. तो गेल्यावर मिरजेचे काम थांबले नाही, कारण ते चालवणारी माणसे तोवर तयार झाली होती.

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळतो. विमानप्रवास सुलभ झाला आणि समुद्राचे महिने तासांवर आले. १९५७ मध्ये जॉर्ज व्हर्वर हा विद्यार्थी दोन मित्रांसह सुटीत मेक्सिकोला गेला व त्यातून ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ ही संस्था वाढली. १९६० मध्ये लोरेन कनिंगहॅमने ‘यूथ विथ अ मिशन’ सुरू केली. यांच्या कार्यकर्त्यांपैकी पुष्कळ जण पुढे दीर्घकाळ परदेशी राहिले, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तथापि सुटीतल्या सफरीची कल्पना एकदा रुजली आणि चर्चोचर्ची पसरली. पत्रे पाठवून वर्गणी जमवायची, दोन-तीन बैठकांत तयारी करायची, एकसारखे सदरे घालून विमानात बसायचे, असा तिचा साचा बनला. आज वर्षाकाठी अशा प्रवाशांची गणना लाखांनी होते.

माझा प्रसंग अशाच एका तुकडीचा आहे. १९९६ च्या डिसेंबरात खानापूर तालुक्यातील जंगलाकडच्या एका खेड्यात परदेशी तरुणांनी तीन दिवसांचे वैद्यकीय शिबिर घेतले. इंग्रजी बोलणारा मास्तर म्हणून दुभाषाचे काम माझ्याकडे आले. मंडळी खरोखर सालस होती. उन्हात उभी राहत, मुलांशी खेळत, जमिनीवर बसून भाकरी खात. पन्नाशीच्या एका बाईचा रक्तदाब फार वाढलेला निघाला. तरुण डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हाती घेऊन तिला सर्व समजावले आणि दोन महिने पुरतील एवढ्या गोळ्यांची बाटली दिली. बाईने विचारले, ‘‘ह्या सरल्यावर वं?’’ मी ते इंग्रजीत सांगितले. उत्तर आले की, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे. मी म्हणालो, ‘‘खानापूरला जा, मावशी.’’ त्या गावाहून खानापूरला दिवसातून दोनच गाड्या होत्या आणि तिला नेहमीचा असा डॉक्टरच नव्हता, हे मला ठाऊक होते. ते मात्र मी कुणालाच सांगितले नाही. रांग मोठी होती.

मार्चमध्ये ती मला एस्टी स्टँडवर भेटली. पदराच्या गाठीतून तिने रिकामी बाटली काढली. ‘‘गोळ्या संपल्यात की ओ, मास्तर. ती डागदरीण परत कवा येनार?’’ बाटलीवरची चिठ्ठी घामाने पुसट झाली होती. एका डॉक्टरांना ती दाखवली, तर त्यांना औषधाचे नाव लागेना. नव्याने तपासून आपल्याकडच्या गोळ्या सुरू करू, असे ते म्हणाले. तिला ते पटले नाही. विलायती गोळ्यांचा गुण या गोळ्यांना कुठला, असे तिचे मत झाले होते आणि ते मत तीन दिवसांच्या त्या शिबिरानेच तयार केले होते. ‘‘ती आली की घेतो,’’ म्हणून ती गेली. पावसाळ्यात तिची उजवी बाजू लुळी पडल्याचे कळले. गोळ्या बंद झाल्यामुळेच तसे घडले, असे कोणी वैद्य छातीठोकपणे सांगणार नाही, आणि मीही सांगत नाही. परंतु ती मंडळी सातासमुद्रापार गेली होती. मी बेळगावातच होतो. मार्च ते जून या काळात एकदा तिच्या गावी जाऊन येणे मला जमले नसते असे नाही.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. १९९८ च्या ऑक्टोबरात ‘मिच’ नावाच्या वादळाने होंडुरास देश उद्ध्वस्त केला. अमेरिकेतून तुकड्यामागून तुकड्या घरे बांधायला गेल्या. कुर्ट व्हर बीक हे समाजशास्त्रज्ञ स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती असून त्या देशात दीर्घकाळ राहिलेले. त्यांनी या कामाचा अभ्यास करून २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका तुकडीच्या प्रवासाचा खर्च सरासरी तीस हजार डॉलर आणि तिने बांधलेल्या घराची किंमत दोन हजार! त्या प्रवासखर्चात स्थानिक गवंड्यांकडून आणखी पंधरा घरे झाली असती, हा हिशेब शाळेतला मुलगाही करील. पाहुण्यांनी बांधलेल्या घरांत राहणारी कुटुंबे आणि स्थानिक संस्थांच्या घरांत राहणारी कुटुंबे यांच्या आयुष्यात त्यांना म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मग निदान जाणाऱ्यांचे जीवन तरी बदलले का? बदलले, असे त्यांनी सांगितले. दानधर्म वाढल्याचेही सांगितले. देणग्यांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा ती वाढ नगण्य निघाली.

याच्या कितीतरी आधी, १९६८ मध्ये, इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूने शिकागोजवळच्या एका सभेत मेक्सिकोस निघालेल्या विद्यार्थ्यांपुढे कडक भाषण केले होते. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, पाहायला या, शिकायला या, पण उपकार करायला येऊ नका. इलिच स्वतः मेक्सिकोतील कुएर्नावाका येथे मिशनऱ्यांना स्पॅनिश भाषा शिकवणारे केंद्र चालवीत असे, म्हणून त्या बोलण्याला वजन होते. मला त्याचे मत टोकाचे वाटते. मात्र सद्हेतू पुरेसा नसतो, याचे दारुण उदाहरण २०१० मध्ये घडले. हैतीच्या भूकंपानंतर अवघ्या काही दिवसांत दहा अमेरिकन मंडळी तेहतीस ‘अनाथ’ मुलांना घेऊन सरहद्द ओलांडताना पकडली गेली. त्यांतील बऱ्याच मुलांचे आईबाप जिवंत होते.

तेव्हा थोड्या दिवसांच्या सेवेला काही जागाच नाही काय? आहे, असे मला वाटते. काही कामे स्वभावतःच एका बैठकीची असतात. दुभंगलेला ओठ शिवणे, मोतीबिंदू काढणे, एखाद्या स्थानिक शल्यवैद्याला नवी पद्धत शिकवणे यांसाठी निष्णात माणूस आठवडाभर आला, तरी मागे काही ठेवून जातो. अट एवढीच की, टाके पाहणारा डॉक्टर गावात कायमचा असला पाहिजे. रक्तदाब, मधुमेह, क्षय, मुलांचे शिक्षण ही कामे मात्र मुळातच वर्षांची आहेत. ती दहा दिवसांत सुरू करणे म्हणजे दुसऱ्याच्या नावावर कर्ज काढून जाण्यासारखे आहे. ते फेडणारा माणूस आधी शोधून, त्याला विचारून, त्याच्या हाताखाली काम करायला येणारे पाहुणे मी नंतरच्या वर्षांत पाहिले. ते भिंती रंगवत नसत. दरवर्षी तेच लोक त्याच गावी येत, आणि तिसऱ्या वर्षी त्यांना मोडके-तोडके का होईना, मराठी येऊ लागले होते.

हे सर्व परक्यांविषयी बोलून मला थांबता येत नाही. आपली शाळाही दर दिवाळीच्या सुटीत मुलांना आठ दिवसांच्या श्रमसंस्कार शिबिरासाठी खेड्यात नेते. गेल्या वर्षी मुलांनी एका ओढ्यावर मातीचा बंधारा घातला. त्याचे छायाचित्र शाळेच्या अहवालात छापले आहे आणि ते सुरेख आले आहे. पावसाळ्यानंतर तो बंधारा पाहायला कोणी गेले होते का, असे मी परवा मुख्याध्यापकांना विचारले. कोणी गेले नव्हते. त्या वेळचे विद्यार्थी आणि शिक्षक यांनी येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने जायचे ठरवले आहे. मीही जाणार आहे.