जकार्ताचा गोवेकर हाफबॅक

फुटबॉलमध्ये गोल करणाराचे नाव सर्वतोमुखी होते; परंतु प्रतिपक्षाच्या पायांतून चेंडू हिरावून तो आपल्या आघाडीवाल्यांपाशी पोचविणारा हाफबॅक बहुधा अनामच राहतो. कै. फॉर्च्युनातो फ्रँको हे असेच एक खेळाडू. बारदेशातील कोलवाळ हे त्यांचे गाव. नाव कमावले ते मुंबईस, टाटा स्पोर्ट्स क्लबाकडून. १९६० साली रोम ऑलिंपिकच्या भारतीय संघात त्यांची निवड झाली, तेव्हा गोव्यावर अद्याप पोर्तुगीजांचा अंमल होता, याचे आम्हांस मोठे नवल वाटते. रोम येथे मात्र त्यांस एकाही सामन्यात उतरावयास मिळाले नाही.

दोन वर्षांनी जकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. संघाचे शिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. आपला आदिलाबाद जिल्हा १९५६ पर्यंत ज्या राज्यात होता, त्याच्या राजधानीतला हा माणूस. पुढल्याच वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरविले. पुढे थायलंड, जपान व दक्षिण व्हिएतनाम यांचा पराभव करून भारत ४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामन्यात पुन्हा त्याच कोरियापुढे उभा राहिला. इस्रायल व तैवान यांना यजमानांनी वगळले, यावर भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर टीका केली होती. त्यामुळे प्रेक्षक आपल्या संघावर संतापलेले! पी. के. बॅनर्जी यांनी पहिला गोल केला. थोड्याच वेळात फ्रँको यांनी फ्री किक मारली आणि आधीच्या सामन्यात डोक्यास टाके पडलेल्या जर्नेलसिंगांनी त्या चेंडूवर दुसरा गोल साधला. भारत २-१ असा विजयी झाला. पुरुषांच्या फुटबॉलमधील ते सुवर्णपदक त्यानंतर भारतास पुन्हा लाभलेले नाही.

१९६४ साली महाराष्ट्राने संतोष करंडक जिंकला, त्या संघातही फ्रँको होते. पण १९६६ साली दुखापतीने त्यांचा खेळ संपविला. वयाची तिशीदेखील उलटली नव्हती. इंग्लंडात त्या काळीही फुटबॉल हाच कित्येकांचा धंदा होता आणि पाय गेला की पोटही जाई. आपल्याकडे खेळाडू कंपनीत नोकरी करून खेळत. मोबदला तुटपुंजा खरा; तथापि बूट खुंटीस टांगल्यावरही फ्रँको यांची टाटांकडील नोकरी राहिली. त्या व्यवस्थेला नावे ठेवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, असे आम्हांस वाटते.

उतारवयात ते गोव्यास परतले. १० मे २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, तेथेच त्यांनी देह ठेवला.