टाकीचं वजन

कळंब्यात आमच्या गच्चीवर उभं राहिलं की एका बाजूला तलाव दिसतो आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना टाक्या. बहुतेक काळ्या, मधूनच एखादी पांढरी. संस्थानच्या काळात याच तलावाचं पाणी उताराने कोल्हापूर शहरात जायचं. मंगळवार पेठेतला ‘पाण्याचा खजिना’ ही त्याचीच आठवण. आता ज्याचा त्याचा खजिना ज्याच्या त्याच्या गच्चीवर. २०१९च्या ऑगस्टमध्ये महापुरात पाणी उपसणारी केंद्रंच बुडाली, चहूकडे पाणी आणि नळ मात्र कोरडे, तेव्हा या खजिन्याची किंमत घरोघरी कळली.

आमची टाकी गेल्या उन्हाळ्यात गेली. तळाच्या वळीपाशी केसाएवढी चीर पडली आणि थेंब थेंब गळू लागली. ‘‘फेकू नका, आडवी कापा, खालच्या भागात कोथिंबीर लावू,’’ असा सौ.चा हुकूम झाला. करवत घेऊन बसलो. कापलेली कड उन्हात धरली, आणि तीस वर्षांपूर्वीचे एक गृहस्थ डोळ्यांपुढे उभे राहिले.

१९९४ साल असावं. मी बँकेत कर्ज विभागात होतो. गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एक जण पाण्याच्या टाक्या बनवत, त्यांचा खेळत्या भांडवलाचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला होता. पाहणीला गेलो. माझी समजूत अशी, की प्लास्टिकची वस्तू म्हणजे दाबाने साच्यात रस कोंबायचा. शेडमध्ये तसलं काहीच नव्हतं. लोखंडी पत्र्याचा भलामोठा पोकळ साचा, खाली गॅसच्या ज्वाळा. साचा स्वतःभोवती सावकाश फिरत होता आणि त्याच वेळी सगळा सांगाडा पाळण्यासारखा इकडून तिकडे झुलत होता.

हे गृहस्थ आधी फौंड्रीत होते. ‘‘साहेब, फौंड्रीत पोकळ काय करायचं तर आत वाळूचा कोअर बसवावा लागतोय. हितं कोअरच न्हाई. आत नुसती हवा.’’ त्यांनी पॉलिएथिलीनची पावडर माझ्या तळहातावर ठेवली. रांगोळीसारखी. ती तोलून साच्यात टाकायची, झाकण आवळायचं आणि साचा फिरवत तापवायचा.

मला वाटलं, गरगर फिरल्यामुळे पावडर भिंतीवर फेकली जात असेल. पण गरगर कुठली? मिनिटाला जेमतेम काही फेरे. पावडर आपल्या जडपणाने तळाशीच पडून असते. फिरतात त्या भिंती. साच्याचा प्रत्येक भाग आळीपाळीने तिच्याखाली येतो आणि तापलेला असल्यामुळे थोडी पावडर अंगाला चिकटवून पुढे जातो. घावन घालताना बायका तवा हाताने कलता करून पीठ पसरतात ना, तसंच. फक्त इथे तवा चहूबाजूंनी बंद.

सव्वाशे अंशांच्या आसपास पावडर वितळते, पण तेवढ्यावर टाकी होत नाही. कणाकणांत अडकलेल्या हवेचे बुडबुडे जिरेपर्यंत आच द्यावी लागते. आतली हवा दोनशे अंशांच्या घरात जाते. आच कमी पडली तर भिंत आतून सच्छिद्र राहते, जास्त झाली तर प्लास्टिक करपून ठिसूळ होतं. मग साचा फिरता ठेवूनच पंख्याखाली निववायचा. फिरणं आधी थांबलं तर वितळलेला थर ओघळून खाली येईल. थंड होताना टाकी अंग चोरते आणि साच्यापासून आपोआप सुटते. त्यांचा कामगार हवा जाण्याच्या नळीशी नाक नेऊन वासावरून सांगत होता, ‘‘झाली.’’

ही फिरवण्याची युक्ती जुनी आहे. १८५५ साली इंग्लंडमध्ये तोफगोळ्यांसाठी तिचा वापर झाल्याची नोंद आहे, आणि १९१०च्या सुमारास चॉकलेटची पोकळ अंडी अशीच केली गेली. तोफगोळा ते चॉकलेट! आपल्याकडे गुजरातेतल्या कलोलच्या भारत विजय मिल्स या कापड गिरणीने १९७५मध्ये प्लास्टिकचा विभाग काढला, आणि ‘सिन्टेक्स’ हे तिचं नाव सगळ्याच टाक्यांचं सामान्यनाम होऊन बसलं. टाकीचा काळा रंगही हौसेचा नव्हे. त्यातली काजळी उन्हातल्या अतिनील किरणांपासून प्लास्टिक वाचवते, आणि आत उजेड शिरत नसल्याने शेवाळ धरत नाही.

हे सगळं ऐकून मी खूश होऊन परतलो आणि कागद उघडले. तिथे माझ्यातला अधिकारी जागा झाला. हजार लिटरच्या टाकीला त्यांची पावडर इतरांपेक्षा दोन-तीन किलो जास्त जात होती. मी त्यांना बोलावून विचारलं, बाकीच्यांना जमतं ते तुम्हाला का जमत नाही?

‘‘जमतंय की,’’ ते म्हणाले. ‘‘दोन किलो कमी घातली तरी टाकी तेवढीच दिसणार. साचा तोच हाय, बाहेरचं माप तेच. कमी हुणार ती भिंत, आणि भिंत आतल्या अंगानं. गिऱ्हाईक काय टाकी कापून बघतंय व्हय?’’

मला उत्तर पटलं. तरीही मी शेरा लिहिला : कच्च्या मालाचा वापर प्रमाणाबाहेर, आटोक्यात आणावा. मंजूर रक्कम त्या हिशेबाने कमी झाली. त्यांनी कमी रक्कम घेतली, पावडर कमी केली नाही. तीन-चार वर्षांनी शेड बंद पडली. ती माझ्या शेऱ्याने पडली असं म्हणणं म्हणजे स्वतःला फार मोठं समजणं होईल. दुकानदारांकडची उधारीही होती. पण शेरा माझ्या अक्षरात होता. पुढे १९९६च्या भारतीय मानकात, आयएस १२७०१मध्ये, कोणत्या मापाच्या टाकीची भिंत किमान किती जाड आणि वजन किमान किती, हे छापलेलं मी वाचलं, तेव्हा कुणाला न सांगता ती पुस्तिका मिटून ठेवली.

आता गच्चीवर माझ्या हातात माझ्याच टाकीची कड होती. घर बांधताना चार दुकानं हिंडून, घासाघीस करून मी सगळ्यात स्वस्त घेतलेली ती टाकी. भिंत पुठ्ठ्यासारखी पातळ, आणि कडेवर सुईच्या टोकाएवढी छिद्रंच छिद्रं.

नवी टाकी आणायला गेलो तेव्हा दुकानदाराला म्हटलं, आधी वजन करा.

‘‘सर, टाकी लिटरवर घेतात. किलोवर कोण घेतंय?’’

शेजारी भंगारवाल्याचा काटा होता. टेम्पोवाल्याने आणि मी मिळून टाकी उचलून त्यावर ठेवली. दुकानातली चार माणसं हसत बाहेर आली. काटा स्थिर होईपर्यंत मी चष्मा पुसला, आणि त्यांच्यापैकी एकाने आत जाऊन आपण निवडलेली टाकी बाहेर आणायला सांगितली.