निषिद्ध क्षेत्र व बांधकाम यंत्रांचे आभासी कुंपण : दिंडोरी तालुक्याच्या संदर्भात

दिंडोरी तालुक्यात करंजवण, वाघाड, पालखेड, ओझरखेड ही धरणे व त्यांचे कालवे आहेत. शेततळ्यासाठी, रस्त्यासाठी वा द्राक्षबागेची जमीन सपाट करण्यासाठी येणारे पोकलेन आणि डंपर याच परिसरात वावरतात. कालव्याच्या भरावात पोकलेनचे बकेट शिरले, तर शेवटच्या शेतकऱ्याचे आवर्तन बुडते. वीजवाहिनीखाली डंपरचा हौदा उचलला गेला, तर चालकाच्या प्राणावर बेतते. अशा जागांपासून यंत्रे दूर ठेवणाऱ्या ‘आभासी कुंपणा’चे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

यंत्रावरील जीपीएस उपकरण किमान चार उपग्रहांच्या संकेतांवरून आपले स्थान ठरविते. निषिद्ध क्षेत्र नकाशावर बहुभुजाकृतीने आखलेले असते. यंत्राच्या स्थानबिंदूपासून काढलेला किरण तिच्या सीमेला विषम वेळा छेदत असेल, तर यंत्र आत आहे. सम वेळा छेदत असेल, तर बाहेर. गणित एवढेच आहे.

खरी अडचण सीमा कोठे आखावी, ही आहे. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी संकेतांतील हेतुपुरस्सर त्रुटी काढून टाकली आणि सुमारे १०० मीटरची चूक मोकळ्या आकाशाखाली काही मीटरवर आली. तथापि उपकरण यंत्राच्या केबिनवर असते. वीस टनी पोकलेनचा हात त्यापुढे नऊ-दहा मीटर पोहोचतो. शिवाय ताशी १८ किलोमीटर वेगाचा डंपर सेकंदाला ५ मीटर जातो. उपकरण दर ३० सेकंदांनी स्थान कळवीत असेल, तर दोन नोंदींमध्ये १५० मीटर अंतर कापले जाते. नाशिकच्या पांडवलेण्यांसारख्या केंद्र-संरक्षित स्मारकांभोवती कायद्याने १०० मीटरचा निषिद्ध पट्टा आहे. तो या अवधीत सहज ओलांडला जाईल. म्हणून कुंपण मूळ सीमेच्या बरेच बाहेर आखावे लागते. वीजवाहिनीच्या बाबतीत तेही अपुरे, कारण हौदा वर आहे की खाली हे नकाशावरील बिंदू सांगत नाही. त्यासाठी हौद्यावर स्वतंत्र संवेदक हवा.

राज्यात गौण खनिज वाहतुकीच्या वाहनांना ‘महाखनिज’ प्रणालीशी जोडलेले जीपीएस बंधनकारक झाले आहे. तिचा हेतू वाहतुकीवर देखरेखीचा आहे. नोंद असणे आणि यंत्र थांबणे या भिन्न गोष्टी होत. इशारा केवळ मालकाच्या मोबाईलवर गेल्यास चालकाला काहीच कळत नाही. त्यामुळे भोंगा केबिनमध्येच असावा, आणि डोंगराआड मोबाईलची रेंज नसतानाही तो वाजावा यासाठी सीमेचे बिंदू उपकरणातच साठविलेले असावेत.