रक्तवाहिनीचे बाह्य कवच

हृदयातून निघालेले रक्त शरीरभर पोहोचविणाऱ्या रोहिणी आणि ते हृदयाकडे परत आणणाऱ्या नीला यांच्या भिंती तीन थरांच्या बनलेल्या असतात. रक्ताच्या प्रत्यक्ष सान्निध्यात असतो तो गुळगुळीत अंतःस्तर. त्याबाहेर स्नायुपेशी व लवचीक तंतूंचा मध्यस्तर आणि सर्वांत बाहेर संयोजी ऊतकाचा बाह्यस्तर. वैद्यकशास्त्रात या बाह्यस्तरास ‘ॲडव्हेंटिशिया’ म्हणतात. ‘बाहेरून आलेले’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव पडले. नावाप्रमाणेच हा थर दीर्घकाळ उपरा, केवळ आवरणापुरता मानला गेला. आज मात्र त्याचे महत्त्व सर्वमान्य झाले आहे.

रचना आणि कार्य

बाह्यस्तर प्रामुख्याने कोलॅजेन या चिवट प्रथिनाच्या तंतूंचा असतो. रक्तदाब वाढून वाहिनी ताणली गेली की हे तंतू ताठ होतात आणि वाहिनीस प्रमाणाबाहेर फुगू देत नाहीत. रोहिणीत मध्यस्तर सर्वांत जाड असतो, तर मोठ्या नीलांमध्ये बाह्यस्तरच सर्वांत जाड असतो. आजूबाजूच्या ऊतकांशी वाहिनीला जखडून ठेवण्याचे कामही हाच थर करतो.

महारोहिणीसारख्या मोठ्या वाहिनीची भिंत इतकी जाड असते की, आतून वाहणाऱ्या रक्तातील प्राणवायू तिच्या बाहेरील भागापर्यंत पोहोचू शकत नाही. म्हणून बाह्यस्तरात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे असते. त्यांना ‘वाहिन्यांच्या वाहिन्या’ म्हणता येईल. पाटाने साऱ्या शिवाराला पाणी पुरवावे, परंतु पाटाच्या स्वतःच्या बांधासाठी वेगळी तजवीज करावी लागावी, असाच हा प्रकार होय. उपदंश या रोगाच्या शेवटच्या अवस्थेत याच सूक्ष्म वाहिन्या बंद पडतात, भिंत उपाशी राहून दुबळी होते आणि महारोहिणीला फुगा येतो. वाहिनीचे आकुंचन घडविणारे मज्जातंतूही याच थरातून येतात.

शेवटची तटबंदी

इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज २५ ऑक्टोबर १७६० रोजी अकस्मात मरण पावला. राजवैद्य फ्रँक निकोल्स यांनी केलेल्या शवविच्छेदनात हृदयाभोवतीच्या आवरणात साकळलेले रक्त आढळले. महारोहिणीच्या आतील बाजूस सुमारे दीड इंच लांबीची चीर पडून रक्त बाह्य थराखाली शिरल्याचेही दिसून आले. महारोहिणीच्या भिंतीचे पापुद्रे सुटण्याच्या या विकाराचे हे एक आद्य वर्णन मानले जाते.

या विकारात अंतःस्तर फाटतो आणि रक्त मध्यस्तरात घुसून वाट काढीत जाते. अशा वेळी रुग्णाचे प्राण मुख्यतः बाह्यस्तरावर अवलंबून असतात. तोही फुटला तर रक्तस्राव काही क्षणांतच जीवघेणा ठरतो. तो टिकला तर शस्त्रक्रियेस अवसर मिळतो. या शस्त्रक्रियेचे एक आद्य प्रवर्तक, अमेरिकन शल्यविशारद मायकेल डीबेकी यांनाच हा विकार जडला आणि २००६ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्याच शस्त्रक्रियेने ते वाचले.

या विकाराचे सर्वांत मोठे कारण म्हणजे दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेला उच्च रक्तदाब. छातीत किंवा पाठीत एकाएकी, फाडल्यासारखी असह्य वेदना उठणे हे त्याचे प्रमुख लक्षण होय. अशा रुग्णास विनाविलंब मोठ्या रुग्णालयात हलवावे, कारण विलंबागणिक धोका वाढत जातो.

इंद्रियांचे बाह्य आवरण

असाच थर काही इंद्रियांनाही असतो. उदरपोकळीत हालचाल करणाऱ्या जठर, लहान आतडे अशा इंद्रियांवर बुळबुळीत पातळ पडदा असतो. अन्ननलिकेच्या छातीतील भागाला तो नसून केवळ सैल बाह्यस्तर असतो. त्यामुळे ती श्वासनलिका, महारोहिणी यांसारख्या शेजाऱ्यांशी जोडलेली राहते. या रचनेमुळे अन्ननलिकेचा कर्करोग तुलनेने लवकर आजूबाजूस पसरू शकतो. तंबाखू आणि मद्य ही त्याची प्रमुख कारणे आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. तथापि तंबाखू व मिश्रीची सवय कायद्याच्या जोडीला लोकशिक्षण असल्याखेरीज सुटणार नाही. आधी भाकरीचा घास अडकणे, पुढे पातळ पदार्थही न उतरणे, या तक्रारीकडे काणाडोळा करू नये.

गावपातळीवरील कर्तव्य

उच्च रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण दाखवीत नाही. मापन हाच तो ओळखण्याचा मार्ग होय. पुनःपुन्हा केलेल्या मोजणीत रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावयास हवा आणि बरे वाटते म्हणून औषध परस्पर बंद करू नये. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक ग्रामस्थाची ही तपासणी उपकेंद्रात वा प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हावी, यासाठी पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत आवर्जून सांगावे. शाळेत शरीरशास्त्र शिकविताना शिक्षकांनी रक्तवाहिनीचे तीन थर फळ्यावर काढून दाखविले, तर घरातील वडीलधाऱ्यांच्या रक्तदाबाची चौकशी विद्यार्थी स्वतः करू लागतील. शरीराने उभारलेली शेवटची तटबंदी मजबूत आहे, पण तिच्यावर अहोरात्र पडणारा ताण कमी करणे माणसाच्याच हाती आहे.