गाडी लहान, गुरुत्व तेवढंच

दीड टन वजनाची मोटार लांबीला, रुंदीला आणि उंचीला दहा-दहा पटींनी लहान केली, तर तिचं वजन किती भरेल? आठवी-नववीच्या वर्गात हा प्रश्न टाकून बघा. बहुतेक पोरं दीडशे किलो म्हणतील. उत्तर आहे दीड किलो. तिन्ही बाजू दहा-दहा पटींनी आखडल्या की आकारमान हजारपटींनी घटतं, आणि वजन आकारमानाच्या मागे जातं. हा नुसता कागदावरचा हिशेब नाही. रेडिओ कंट्रोलच्या शर्यतींत सर्रास दिसणारी एकास दहा मापाची गाडी बॅटरीसकट काट्यावर ठेवा. आकडा खरोखरच दीड किलोच्या आसपास दिसतो.

देऊळगाव राजात जालना रोडला प्लॉट पाडलेले, पण घरं न उठलेले तुकडे अजून बरेच आहेत. संध्याकाळी तिथे अशी एखादी गाडी घेऊन पोरं जमतात. दोन विटांवर टेकवलेल्या फळीवरून गाडी उडते, हवेत वाकडी होते, टपावर आपटून दोन-तीन कोलांट्या खाते आणि नशिबाने चाकांवर आली तर लगेच पळायला लागते. खऱ्या मोटारीचं असं झालं असतं, तर पंचनामाच करावा लागला असता. लहान गाडी जिवंत राहते त्याचं कारण त्याच हिशेबात आहे. वजन हजारपटींनी कमी झालं, पण सस्पेन्शनच्या दांडीची मजबुती ठरते तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, आणि ते फक्त शंभरपटींनी कमी झालं. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या मानाने लहान गाडी दहापट दणकट झाली. मुंगी छपरावरून पडून चालू लागते आणि हत्ती साध्या खड्ड्यात पाय मोडून बसतो, त्यामागेही हेच गणित.

हे झालं फायद्याचं. आता तोट्याचं, आणि माझ्या मते या खेळाची सगळी गंमत या तोट्यात आहे. गाडी दहापट लहान झाली, पण पृथ्वीने तिच्यासाठी गुरुत्व काही कमी केलं नाही. खरी मोटार दहा मीटरवरून पडली तर जमिनीवर यायला सुमारे 1.4 सेकंद लागतात. लहान गाडी त्याच मापात एक मीटरवरून पडते, आणि तिला लागतात 0.45 सेकंद. फरक तिपटीहून थोडा जास्त, म्हणजे दहाच्या वर्गमुळाइतका. म्हणूनच पूर्वी सिनेमात छोट्या प्रतिकृतींच्या गाड्या दरीत कोसळवताना कॅमेरा वाढीव वेगाने चालवत; नाहीतर खेळणं पडलंय हे प्रेक्षकाला लगेच कळतं. शर्यतीत उतरणाऱ्याला मात्र कॅमेऱ्याची ही सोय नाही. त्याला तिप्पट घाईच्या जगातच राहावं लागतं.

खोक्यावर ‘400 किलोमीटरचा स्केल स्पीड’ वगैरे छापलेलं असतं, तिकडे दुर्लक्ष करावं. गाडी खरी पळते ताशी 40 किलोमीटरने, दुकानदार त्याला दहाने गुणतो. गुणायचंच असेल तर 3.16 ने गुणा, म्हणजे सव्वाशेच्या आसपास येईल. वळणावर गाडी किती वेगाने टिकते, उडी किती लांब जाते, हे सगळं गुरुत्वाशी बांधलेलं आहे, आणि तिथे वर्गमूळच चालतं. पण 40 सुद्धा थोडे नाहीत. ताशी 40 म्हणजे सेकंदाला 11 मीटर. डोळ्यांनी पाहून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात गाडी दोन मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे तुम्ही जी गाडी चालवताय ती तिथे नसतेच. ती असेल त्या जागेचा अंदाज तुम्ही चालवत असता.

यात भर म्हणजे डावं-उजवं. गाडी तुमच्यापासून लांब जाते तोवर सगळं सरळ. ती वळून तुमच्याकडे तोंड करून यायला लागली की तिची डावी बाजू तुमच्या उजवीकडे येते. नवखा चालक इथेच भिंतीत जातो. मुरलेल्या चालकाला विचारलं, तर तो सांगतो की मी उलटं-सुलटं करतच नाही, मनाने गाडीत बसतो. शर्यतीच्या ट्रॅकवर गाडीमागे धावायला मनाई असते. सगळे चालक एका उंच मचाणावर ओळीने उभे राहतात, एकमेकांना खेटून, आणि पूर्ण शर्यत तिथूनच चालवतात.

मचाणावरून दिसणारी सगळ्यात अजब गोष्ट म्हणजे हवेतली गाडी. चाकं जमिनीवर नसताना चालक काय करू शकणार, असं वाटतं. पण तो बरंच करतो. उडी मारल्यावर गाडी नाकावर पडतेय असं दिसलं की तो रेस देतो. चाकं पुढच्या दिशेने जोरात फिरायला लागतात, त्याची प्रतिक्रिया म्हणून गाडीचं अंग उलट्या दिशेने फिरतं आणि नाक वर उचललं जातं. नाक जास्तच वर गेलं तर ब्रेक. फिरती चाकं थबकतात, त्यांचा फिरण्याचा जोर अंगात उतरतो आणि नाक खाली येतं. कोनीय संवेग अक्षय्यतेचा नियम पाठ्यपुस्तकात वाचून जांभया दिलेल्या मुलाने हे एकदा पाहावं. आणि हे सगळं त्या 0.45 सेकंदात.

देऊळगाव राजाच्या बालाजीच्या यात्रेत, आश्विनात, खेळण्यांच्या दुकानांवर रिमोटच्या गाड्या टांगलेल्या असतात. शर्यतीची गाडी त्यांच्यापेक्षा महाग असते हा फरक वरवरचा. खरा फरक हुकमात आहे. यात्रेतल्या गाडीला तीनच गोष्टी कळतात: पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, सरळ. शर्यतीच्या गाडीला ‘थोडंसं डावीकडे’ कळतं. ट्रान्समीटरचं चाक तुम्ही किती फिरवलं तेवढंच तिचं चाक फिरतं. ही बारीक कामगिरी करणाऱ्या डबीला सर्व्हो म्हणतात. काडेपेटीहून थोडी मोठी असते. तिच्याकडे सेकंदाला 50 वेळा विजेचा एकेक ठोका येतो. ठोका दीड मिलिसेकंद टिकला तर चाकं सरळ, एक मिलिसेकंद टिकला तर एका बाजूला, दोन टिकला तर दुसऱ्या बाजूला. मधल्या प्रत्येक लांबीला मधला कोन. हुकूम काय आहे ते ठोक्याच्या जोरावर ठरत नाही, तो किती वेळ टिकला यावर ठरतं, त्यामुळे बॅटरी थोडी उतरली तरी चाकांचा कोन बदलत नाही. हल्लीच्या शर्यतीच्या सर्व्होंना ठोके याहून कितीतरी भराभर येतात, आणि ते लागतातच. 50 च्या हिशेबाने दोन ठोक्यांच्या मध्ये गाडी 22 सेंटिमीटर पुढे जाते, आणि शेजारची गाडी कधीकधी त्याहून जवळ असते.

मग दहा गाड्या एकाच वेळी पळताना एकीचा हुकूम दुसरीला का जात नाही? पूर्वी जायचा. 27 मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात मोजकेच मार्ग होते. प्रत्येकाला एकेक रंग नेमलेला, तपकिरी, लाल, नारिंगी असा. क्लबात एका फळीवर त्या रंगांचे चिमटे लावलेले असत. ज्याच्या हातात लाल चिमटा त्यानेच लाल मार्गावरचा ट्रान्समीटर सुरू करायचा. दुसऱ्या कोणी चुकून बटण दाबलं की ट्रॅकवरची गाडी वेड्यासारखी भिंतीवर जाई, आणि मग भांडणं. आता 2.4 गिगाहर्ट्‌झवर, म्हणजे वायफाय आणि ब्लूटूथ जिथे चालतात त्याच विनापरवाना पट्ट्यात, ट्रान्समीटर आणि रिसीव्हर आपसात ठरवून मार्ग बदलत राहतात. क्षणभर एका वारंवारितेवर, लगेच दुसरीवर. बाकीच्यांना तो क्रम माहीत नसतो. ही युक्ती 1942 च्या एका अमेरिकन पेटंटमध्ये आहे. पाणतीराचा रेडिओ शत्रूने बिघडवू नये म्हणून हेडी लमार या हॉलिवूडच्या नटीने आणि जॉर्ज अँथाइल या संगीतकाराने ती मांडली होती. त्यात पियानोच्या पट्ट्यांइतक्या, म्हणजे 88 वारंवारिता होत्या.

मुळात लांबून बिनतारी हुकूम सोडण्याचं कौतुक त्याहून जुनं. 1895 च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतींपलीकडून रेडिओलहरी पाठवून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. 1898 मध्ये निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीत बिनतारी होडी चालवली. पाहणाऱ्यांना ते पटेना. आज मचाणावरच्या चालकाचा हुकूम 30 मीटरवरच्या गाडीपर्यंत पोचायला सेकंदाचा एक कोट्यंश लागतो. खरा उशीर होतो तो माणसाकडून.

आपल्याकडे या खेळात पोरं शिरतात ती बऱ्याचदा इंजिनिअरिंग कॉलेजच्या दारातून. आयआयटी मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स अँड रोबोटिक्स क्लबची ‘एक्सएलआर-एट’ ही स्पर्धा खास पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी: गाडी स्वतः बनवायची आणि अडथळ्यांच्या ट्रॅकवर पळवायची. महाराष्ट्रभरच्या कॉलेजांत एक काळ मोबाइलवाल्या गाड्यांचा होता. जुना फोन गाडीवर बांधायचा, त्याला आपल्या फोनवरून कॉल लावायचा आणि 2 दाबला की गाडी पुढे. प्रत्येक आकड्याचे दोन सूर ठरलेले असतात. 2 चे 697 आणि 1336 हर्ट्‌झ. गाडीवरची एक चिप ते सूर ओळखून मोटरला सांगते. सुटे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीतून नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून यायचे. अशी गाडी शर्यत जिंकण्यापुरती चपळ नसते, पण ती बनवणाऱ्याला आतलं सगळं कळलेलं असतं.

शर्यतीच्या गाड्या खऱ्या मोटारींसारख्या दिसत का नाहीत, असंही पोरं विचारतात. सुरुवातीला दिसत होत्या. इटलीतल्या एका कंपनीने 1966 मध्ये एकास बारा मापाची फेरारी आणली. जपानच्या तामियाने 1976 मध्ये आपली पहिली रेडिओ कंट्रोल गाडी काढली तीही पोर्शे 934 ची हुबेहूब नक्कल. पण शर्यत लागली की नक्कल मागे पडते. लहान गाडीच्या मानाने खडे डोंगराएवढे, म्हणून टायर फुगीर. उड्या उंच, म्हणून सस्पेन्शनचे हात लांबलचक आणि शॉकअपमध्ये सिलिकॉन तेल. मागे दाराएवढा पंख. जिंकणारी गाडी शेवटी टोळासारखी दिसायला लागली. हिरोसाका मासामी या जपानी चालकाने 14 जागतिक विजेतेपदं मिळवली, आणि त्याच्या बग्ग्या रस्त्यावरच्या कुठल्याच मोटारीशी नातं सांगत नाहीत.

मातीकडे येऊ, कारण त्यात आपला हात धरणारं कोणी नाही. मातीवरच्या शर्यतीसाठी परदेशात चिकणमाती आणून, पाणी मारून, दाबून ट्रॅक करतात. आपल्या काळ्या मातीत चिकणमातीचा अंश भरपूर. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. नुसती टाकली तर एप्रिलमध्ये भेगेत चाक अडकेल आणि जूनमध्ये गाडी चिखलाचा गोळा होईल. पण ओल राखून रोलर फिरवला तर हीच माती क्रिकेटच्या खेळपट्टीसारखी घट्ट बसते. खाली मुरूम, वर काळ्या मातीचा पातळ थर, सकाळी पाण्याचा सडा. मग दिवसभर ट्रॅक बदलत राहतो. ओलसर असताना काट्यांचे टायर पकड घेतात. ऊन चढून वर भुगा सुटला की तेच टायर घसरतात आणि बारीक, दाट काट्यांचे लावावे लागतात. मे महिन्यात दुपारी मात्र सुट्टी. लिथियमची बॅटरी आधीच स्वतःच्या कामाने तापते, तिला पुन्हा चाळीसच्या वरचं ऊन दाखवू नये. गरम बॅटरी चार्जिंगला तर कधीच लावू नये.

क्लबच्या शर्यतीची रीत ऐकण्यासारखी आहे. पात्रता फेरी साधारण पाच मिनिटांची. प्रत्येक गाडीत एक छोटं यंत्र, त्याची खूण वेगळी. सुरुवातीच्या रेषेखाली तार पुरलेली, तिच्यावरून गाडी गेली की संगणक ट्रॅकचा वळसा नोंदवतो, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. बैलांच्या शंकरपटावर निमिषावरून हार-जीत ठरताना पाहिलेल्या विदर्भाच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. पात्रता फेऱ्यांच्या निकालावरून गट पडतात आणि अंतिम शर्यती होतात. खालच्या गटातला पहिला पुष्कळ ठिकाणी वरच्या गटाच्या शेपटाला उभा राहू शकतो.

पण मला सगळ्यात आवडलेला नियम मार्शलचा. तुमची फेरी संपली की घरी जायचं नाही, चहा प्यायचा नाही. ट्रान्समीटर खाली ठेवून ट्रॅकच्या वळणावर उभं राहायचं, आणि पुढच्या फेरीत ज्याची गाडी उलटेल त्याची सरळ करून द्यायची. त्यात मघाशी तुम्हाला धडक मारणाराही असतो. जो टाळतो त्याची सगळ्यात चांगली पात्रता फेरी बऱ्याच क्लबांत खोडून टाकतात. उचलायची पद्धतही ठरलेली: आधी मागून येणाऱ्या गाड्या पाहायच्या, मग हात घालायचा, गाडी पुढच्या दिशेने ठेवायची आणि बाकीच्या गाड्यांना वाट देत मागे सरायचं. दुरुस्ती करत बसायचं नाही.

जालना रोडच्या त्या प्लॉटवर एवढं सगळं उभं करायला वेळ लागेल. तोवर दोन विटा पुरतात. त्या सहा-सात मीटरवर ठेवून भोवती आठाचा आकडा काढत राहायचा, स्वतः एका जागी उभं राहून. आठात गाडी निम्मा वेळ तुमच्याकडे तोंड करून येते आणि डावं-उजवं दोन्ही वळण सारखं घडतं. वेग पहिल्या आठवड्यात निम्माच ठेवायचा; बहुतेक ट्रान्समीटरवर तशी सोय असते. आणि बॅटरी उतरायला लागली की थांबायचं, दर सेलमागे तीन व्होल्टच्या खाली ती जाऊ द्यायची नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती फुगलेली सापडते.