लहान चणीच्या बायकांनी बीसीडी निवडताना

तारकर्लीला किंवा अंदमानात भाड्याने मिळणारा ‘स्मॉल’ बीसीडी (स्कूबा डायव्हिंगमध्ये तरंगण्यावर ताबा ठेवणारं, हवा भरायचं अंगावरचं साधन) बहुतेकदा पुरुषी मापाचा ‘स्मॉल’ असतो. पाच फुटांच्या आतबाहेर उंची असेल तर हवा भरताच तो कानांपर्यंत वर सरकतो.

एकूण उंचीपेक्षा धडाची लांबी महत्त्वाची. मानेच्या मणक्यापासून कंबरेच्या हाडापर्यंत टेप लावा आणि कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा. बायकांसाठीच्या बीसीडीत पाठ आखूड असते आणि खांद्याचे पट्टे छातीला वळसा घालून जातात. नुसती गुलाबी किनार लावलेला पुरुषी जॅकेट-बीसीडी घेऊ नका!

दुकानात वेटसूटवर घालून तो पूर्ण फुगवा आणि खोल श्वास घ्या. बरगड्या आवळल्या तर नापास. जॅकेट प्रकारात हे हमखास होतं, म्हणून माझं मत मागे फुगणाऱ्या बीसीडीला. पृष्ठभागावर तो थोडा पुढे ढकलतो, पण त्याची सवय होते.

उचलशक्ती जास्त म्हणजे चांगली, हा गैरसमज. उबदार पाण्यात, पातळ सूट आणि एक सिलिंडर असेल तर ११-१३ किलो सहसा पुरते. मोठी पिशवी पाण्यात उगाच फडफडते. नेहमीचा ॲल्युमिनियम सिलिंडर रिकामा होत आला की सुमारे २ किलोने तरंगू लागतो, तेवढं वजन आधीच धरा.

प्रवास फार असेल तर हार्नेस, पाठीची पाटी आणि विंग (मागची हवेची पिशवी) अशी जुळणी बघा. पट्टे हवे तसे कापता येतात. फक्त पाटी आखूड मापाची मागा.